फाटकावरचा पहारेकरी

ही २०२३ च्या दिवाळीतली गोष्ट. भिलाईच्या नेहरू नगरात सिंधुताईंचा नातू प्रफुल्ल घरीच मध्ययुगातल्या लढायांचा व्हिडिओ गेम बनवत होता. किल्ल्याच्या पहारेकऱ्याला त्याने एका जुन्या लग्नाच्या व्हिडिओवरून आजोबांचा, शेषरावांचा, चेहरा आणि चाल दिली होती.

"रिटायर होऊन वारले, अन् तू त्यायले पुन्हा ड्युटीवर लावलं!" सिंधुताई हसल्या. दिवाळीला नागपूरहून आलेली त्यांची धाकटी बहीण वच्छलाही हसली.

तेवढ्यात पहारेकरी फाटक सोडून निघाला.

"याले तर मी चालाले सांगितलंच नाही," प्रफुल्ल म्हणाला. "कावून चालून राहिला?"

शेषराव एका घरापाशी थांबले. जोडे काढून त्यांनी दारावर हलकेच नख वाजवलं. दार उघडलं. आत तरुण वच्छला उभी होती.

"हिचा फोटो कुठून आणला रे?"

"मी नाही आणला, आजी. त्या घराच्या आत मी काहीच बनवलं नाही."

वच्छला चपला शोधू लागली.

ती नागपूरला गेली ती गेलीच. प्रफुल्लने पहारेकरी पुसून टाकला. गेम अजून बाजारात यायचा आहे. सिंधुताई मात्र रोज स्क्रीनवरच्या त्या घराच्या बंद दारासमोर बसतात. आत दोघं बोलत असतात. मधेच सिंधुताईंचं नाव निघतं, आणि दोघं खूप हसतात.