एकोणिसावं पान

या, जरा जवळ सरका. गोष्ट ओंजळीएवढीच आहे.

अंधांसाठी बोलकी पुस्तकं साठवणारी ती खोली. ऑपरेटरताईंनी काळ्या पडद्यावर हुकूम दिला, नवं पुस्तक जतन कर. यंत्रानं उत्तर दिलं, "जागा शिल्लक नाही."

"झालं!" साहेब म्हणाले. "काकूंची जुनी पुस्तकं पुसा. ऐकतं कोण आता?"

काकू समोरच बसल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी वाचून दिलं. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. उरला तेवढा त्या यंत्रात. दुसरी प्रत नव्हती. त्यांनी पाटीवर लिहिलं, "पूस, बाळा. नव्यांना जागा होऊ दे."

ताईंचा हात काही धजेना. त्यांनी डिस्क मोजून पाहिली. निम्मी रिकामी!

"साहेब, हे धादांत खोटं बोलतंय."

"यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला काय पोटाची भ्रांत आहे?"

ताई शोधत गेल्या, आणि सापडलं. "घर रिकामंच आहे हो. आत येणाऱ्याचं नाव लिहायला वहीत ओळ उरली नाही, म्हणून दारावरचा सांगतोय, घरात जागा नाही."

"मग एवढ्या ओळी भरल्या कुणी?"

ताईंनी यादी उघडली. लाखो फायली, पोटात काही नाही, नुसती नावं, पण प्रत्येकीनं वहीतली एक ओळ अडवलेली. श्रोता जिथे थांबेल तिथे यंत्र एक रिकामी फाइल ठेवायचं, खूण म्हणून. त्या कुणी कधी आवरल्याच नव्हत्या. यादी धावत राहिली. चहा निवला तरी थांबेना. अकरा लाख खुणा, बहुतेक सगळ्या काकूंच्या पुस्तकांतल्या.

साहेबांनी चष्मा काढला. "खुणा एका फाइलीत बांधून ठेवा," ते हळूच म्हणाले. "काकूंच्या पुस्तकांना हात लावायचा नाही."

"आणि हा बघा, श्रोता चारशे बारा," ताई म्हणाल्या. "रोज एकच पान. एकोणिसावं. काल, परवा, तेरवा... सहा वर्षं झाली."

काकूंनी खडू उचलला. मग पाटीवर उमटलं, "त्या पानावर मला हसू फुटलं होतं. कापायचं राहून गेलं."

मायबापहो, बाकी विसरलात तरी चालेल. त्या चारशे बाराव्याची तेवढी आठवण ठेवा. आत्ताही तो कान देऊन बसला असेल.