सातव्या पाळीचं नाव

"डोरियन? हा कोण?" गार्नेटने यादी वरपासून खालपर्यंत चाळली. "ऑर्वल, पहिल्या शंभरात हे नाव नाही."

"दीडशेतसुद्धा नाही," ऑर्वल फ्रीसन शांतपणे म्हणाला. "याद्या वाचायला तू आहेस. माझं काम पोरं हेरायचं."

माँट्रियलच्या त्या अवाढव्य सभागृहात बर्फावरच्या व्यावसायिक हॉकीचे सगळे संघ आपापली टेबलं धरून बसले होते. पाळीपाळीने एकेकाने नवा खेळाडू उचलायचा. गार्नेट ज्या संघाचा व्यवस्थापक, त्याची पाळी सातवी. आणि सातव्या पाळीला टेरी वॉलिक जाणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. एका हंगामात एकाहत्तर गोल केले होते त्याने.

ऑर्वलने या संघासाठी चौतीस हिवाळे सस्कॅचेवान प्रांतातल्या बर्फाळ रस्त्यांवर घालवले होते. अलीकडे त्याची बायको हिल्डा सोबत असे. गाडी ती चालवी, कारण ऑर्वलचे गुडघे गेले होते. अहवालही तीच लिही, कारण त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सामना सुरू झाला की विणकाम मांडीवर टाकून ती त्याच्या कानाशी सतत पुटपुटत बसे. "तुमची बायको दोन दोन तास काय बोलते हो?" असं कुणी विचारलं की ऑर्वल म्हणे, "बेचाळीस वर्षं झाली, अजून मुद्द्यावर आलेली नाही."

आता तो निवृत्त होत होता. चौतीस वर्षांत त्याने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. जाताना एवढा एक पोरगा मागत होता.

"स्केटिंग बेताचं, अख्ख्या हंगामात गोल तीन," गार्नेट म्हणाला. "आहे काय त्याच्यात?"

"तो बर्फावर असला की काहीच घडत नाही," हिल्डा म्हणाली.

"वा! हे उत्तम."

"समोरच्यांचं काही घडत नाही, गार्नेट. लोक निवांत सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतात. तो बाकावर गेला रे गेला की आरडाओरडा सुरू."

"ऐकू येतं ते," ऑर्वल म्हणाला. "डोळे मिटून बघ कधीतरी."

वर, अगदी शेवटच्या रांगेत, लिऑन डोरियन आपल्या आजीशेजारी बसला होता. उसना कोट, बाह्या चार बोटं आखूड. कंबरलँड हाउस नावाच्या दूरच्या खेड्याहून तीन दिवस बसने आले होते दोघं. ऑर्वलने शब्द दिला होता म्हणून. नाव पुकारलं गेलं नाही तर पोरगा तसाच तीन दिवस परत जाणार आणि आजोबांबरोबर रानात फासे लावणार, हे ठरलेलं होतं.

"तुला हेरलं तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास," ऑर्वल हळूच म्हणाला. "तुझंही नाव कुठल्या यादीत नव्हतं."

गार्नेटने मान खाली घातली. मग हसला. "बरं. पण माइकवर तुम्हीच जायचं. लोक हसतील ते तुम्हाला हसू देत. आणि नाव नीट घ्या. तिथे बोललेलं फिरत नाही, माहीत आहे ना?"

ते कुणाला माहीत नव्हतं? तीन वर्षांपूर्वी एका संघाच्या माणसाने धाकट्या भावाऐवजी थोरल्याचं नाव घेतलं. थोरला हॉकी सोडून चपलांच्या दुकानात लागला होता. नियम म्हणजे नियम. त्यालाच ठेवून घ्यावं लागलं.

सहावी पाळी चालू असताना मालकांनी गार्नेटला हाक मारली. तो परत आला तेव्हा डोरियनचं नाव लिहिलेल्या कार्डावर कॉफीचा डाग पडलेला होता. त्याने दुसरं कार्ड लिहिलं आणि घडी घालून ऑर्वलच्या हाती दिलं.

"लिहिलंय तेवढंच वाचा. आणि ऑर्वल, राग मानू नका."

"निवृत्तीचा? अरे वेड्या, कधीतरी जायचंच असतं."

हिल्डाच्या हाताला धरून तो पायऱ्या चढला. तिने घडी उघडून कार्ड सरळ करून त्याच्या हातात दिलं आणि त्याचं कोपर दोनदा दाबलं. ऑर्वलने कार्डाकडे बराच वेळ पाहिलं. मग खाकरला.

"लिऑन डोरियन. कंबरलँड हाउस."

सभागृहात एकच हशा उसळला. टीव्हीवाले कागद उलटेपालटे करायला लागले. गार्नेट खुर्चीतून अर्धा उठला, लालबुंद झाला, आणि परत बसला. मालक तडक बाहेर गेले. शेवटच्या रांगेतून एका म्हातारीची किंकाळी ऐकू आली. पोरगा दोन दोन पायऱ्या उतरत धावत आला. ऑर्वलने पुढे केलेला हात त्याने दोन्ही हातांत धरला. त्याला रडू आवरेना, आणि ऑर्वललाही.

परतीच्या वाटेवर ओटावा मागे पडलं तरी जूनचं ऊन अजून रेंगाळत होतं. हिल्डा गाडी चालवत होती.

"गार्नेटचा चेहरा कसा झाला होता गं?"

"बीटासारखा."

"लोक हसले म्हणून. पण शब्दाला जागला हो पोरगा."

"जागला खरा."

ऑर्वलने कोटाच्या खिशातून कार्ड काढलं आणि अंगठ्याने कुरवाळलं. "हे तुझ्या बायबलात ठेवून दे. पण आधी एकदा वाच. दोन वर्षांपूर्वी असतं तर मीच वाचलं असतं, तेव्हा निदान अक्षर तरी दिसायचं."

हिल्डाने गाडी कडेला घेतली. कार्ड स्टिअरिंगवर टेकवलं. गार्नेटचं अक्षर मोत्यासारखं होतं: टेरी वॉलिक.

"लिऑन डोरियन," तिने वाचलं. "कंबरलँड हाउस."