गुडघ्याला झेपेल ते मशीन

"ट्रेडमिल नको," ट्रेनर म्हणाली. "तुमचा गुडघा इतका कुरकुरतोय की मला इथं ऐकू येतंय."

ताईंनी पट्ट्यावरून पाय खाली घेतला. "मग कुठलं घेऊ? वजन लवकर उतरायला हवं."

"सायकल घ्या. गुडघ्यावर भार येत नाही. वेळ लागेल जरा."

"वेळच तर नाहीये, बाई."

खरंच नव्हता. काचेच्या दारापलीकडे, बूट काढायच्या बाकावर ताईंचा धाकटा भाऊ बसला होता. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. डोळे पिवळे. त्याचं लिव्हर कामातून गेलं होतं आणि त्याला लिव्हरचा तुकडा द्यायला साऱ्या घरात एकट्या ताईंचं जुळत होतं. पण ताईंच्या लिव्हरवर चरबी होती.

"ती उतरल्याशिवाय मी सुरी लावणार नाही," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "सहा किलो कमी करून या. महिनाभर थांबता येईल. त्यापुढचं मी सांगू शकत नाही."

धाकटा आधी ऐकेचना. "तुला कापून मला जगायचं नाही," एवढंच म्हणायचा. बायको रडली, ताई चिडल्या, हा ढिम्म. मग एका सकाळी आपण होऊन हो म्हणाला. अट एकच, जिमला रोज तो सोबत येणार.

"तुझ्यावर पहारा हवा," तो म्हणाला. "लहानपणी माझ्या वाटणीचा खाऊ कोण मटकवायचं?"

"तू खात नव्हतास म्हणून! काडीपैलवान!" ताई म्हणाल्या आणि बऱ्याच दिवसांनी दोघं हसली.

पहिल्याच दिवशी त्यानं ट्रेनरला काउंटरपाशी गाठून हळू आवाजात काहीबाही विचारून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो घरून बाटली घुसळून आणू लागला. व्यायामानंतर एक, संध्याकाळी एक. दाट, गोडमिट्ट, केळ्याच्या वासाची.

"प्रोटीन आहे," तो म्हणाला. "नुसती मशीनवर राबशील आणि घेरी येऊन पडशील. मग मला कोण देणार?"

ताई नाक मुरडून प्यायच्या. तो समोर उभा राहायचा. "संपवलीस ना?" रिकामी बाटली हातात आल्याशिवाय जागचा हलायचा नाही.

आठवडाभर सायकल मारून ताई काट्यावर उभ्या राहिल्या. वजन अर्धा किलो वाढलं होतं.

"सुरुवातीला होतं असं," ट्रेनर म्हणाली. "खाता काय?"

"उकडलेल्या भाज्या. आणि ते प्रोटीन."

"मग बरोबर आहे की. क्रॉस ट्रेनर करून बघू. हातपाय दोन्ही चालतील."

क्रॉस ट्रेनरवर ताईंचा पाय एकीकडे आणि हात भलतीकडेच जायचा. तरी त्या चिकटून राहिल्या. काटा आणखी पुढं सरकला.

"मशीन बदलून बघ," धाकट्यानं सुचवलं. "ते रोइंगचं घे. बसल्या बसल्या होतं."

ताईंनी ते घेतलं. वल्ही ओढून ओढून तळहाताला फोड आले. काट्याला त्याचं काही नव्हतं.

भावजय इतके दिवस गप्प होती. एके दुपारी ती ताईंच्या दारात येऊन उभी राहिली. आत यायलाही तयार नव्हती.

"ताई, भीती वाटत असेल तर तसं सांगा," ती म्हणाली. "निदान आम्हाला दुसरीकडे तरी बघता येईल. चोरून खाऊन कशाला..."

"चोरून? मी?"

"वारा खाऊन कुणाचं वजन वाढतं का हो?"

ताईंना ऑपरेशनची भीती वाटत होती, हे तर खरंच होतं. आपलं अंगच आतून नकार देतंय की काय? त्या दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. मग दुपारचं अर्ध्यावर आणलं. धाकट्याची बाटली तेवढी चुकवली नाही. तो एवढ्या मायेनं घुसळून आणत होता.

महिना संपत आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. ताई जिममध्ये आल्या त्या कुणाला न विचारता थेट ट्रेडमिलवर चढल्या. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. पट्टा पळू लागला, त्या पळू लागल्या. ट्रेनर ओरडत धावत आली तोवर गुडघ्यानं दगा दिला होता. दांडीला लटकलेल्या ताईंना तिनं खाली उतरवून भिंतीला टेकवलं.

"काय हे! जिवावर उठलात का स्वतःच्या?"

"त्याच्या जिवावर उठलेय," ताई हुंदके देत म्हणाल्या. "माझ्यामुळं जाणार तो."

"काही जात नाही. आधी दोन घोट घ्या." ट्रेनरनं मशीनपाशी ठेवलेली धाकट्याची बाटली उचलून ताईंच्या ओठांना लावली. थोडं तिच्या बोटांवर सांडलं. तिनं ते हुंगलं, मग जिभेला लावलं.

"हे तुम्ही पिताय?"

"रोज. दोन वेळा. तूच सांगितलंस ना त्याला?"

ट्रेनर दाराकडे बघत राहिली. काचेपलीकडे बाक रिकामा होता. आरडाओरडा ऐकून धाकटा भिंतीचा आधार घेत आत येत होता.

"मी सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "त्यांनी विचारलं, वजन सगळ्यात झपाट्यानं कशानं वाढतं. मला वाटलं, बिचारे खंगलेत, स्वतःसाठी विचारतायत."

धाकटा धापा टाकत जवळ पोचला. ताईंशेजारी कसाबसा बसला. ताईंच्याच पदरानं त्यांचा घाम पुसला. मग ट्रेनरच्या हातातली बाटली घेऊन त्यानं ती उजेडाकडे धरली.

"थोडं राहिलंय, ताई," तो म्हणाला. "संपव बघू."