दोन तासांची दिल्ली

टॅक्सी खाली उभी होती आणि कमलाबाईंना मजल्यावरून कुणी सोडत नव्हतं. नायगावच्या बीडीडी चाळीत कुणी प्रवासाला निघालं की सल्ले अख्खा मजला देतो. समोरच्या खोलीतल्या सीमाने जवळ्याची चटणी बांधून आणली. जयवंतभाऊंनी कानात घालायला कापूस आणला. स्वतः कधी पुण्याच्या पुढे न गेलेले हे गृहस्थ दिल्लीचं विमान कुठून वळतं ते हातवारे करून दाखवू लागले.

"भाऊ, पायलटला माहीत असेल ते," कमलाबाई वैतागून म्हणाल्या.

खरा वैताग भाऊंवर नव्हता, मुलावर होता. "दोन तासांचं तर विमान आहे आई, कधीही येईन," असं संघर्ष दिल्लीहून दर रविवारी सांगायचा. ऐकून ऐकून कमलाबाईंचे कान किटले होते. विमानाला दोन तास लागत असतील, पण याच्या मनात यायला तीन वर्षंही पुरली नव्हती. तिकडे नातू बोलायला लागला आणि आजी मोबाइलच्या आत राहते असं त्याला वाटायचं. इकडे चाळ पाडायची म्हणून खोल्या रिकाम्या करायला सांगितलं होतं. शेवटी शेजारच्या वैभवकडून त्यांनी गुपचूप तिकीट काढून घेतलं. एकदा नातवाला मांडीवर घ्यायचं, मग पुढचं पुढे.

नेमका तेव्हाच संघर्षचा फोन आला. कमलाबाईंना कमी ऐकू यायचं. त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असायचा आणि तो सगळा मजला ऐकायचा.

"जय भीम आई. गडबड कसली गं तिकडे?"

"काकू निघाल्या दिल्लीला! तुझ्याकडेच!" सीमा मध्येच ओरडली. झालं, गुपित फुटलं.

"आज?" संघर्ष म्हणाला. "अगं, एवढ्या लांब? या वयात झेपणार आहे का तुला? त्यापेक्षा मीच येतो ना पुढच्या महिन्यात."

"लांब?" कमलाबाईंचा पारा चढला. "तू यायचं म्हणतोस तेव्हा दोन तास, आणि मी निघाले की लांब? तुझ्याकडून उतार आणि माझ्याकडून चढ आहे काय रे आभाळात?"

जयवंतभाऊ खो खो हसले. संघर्ष हसला नाही.

"तसं नाही गं," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. "आई, सामान किती घेतलंयस?"

गॅलरीतलं हसू थांबलं. सीमा उगाचच दोरीवरचे कपडे चाचपू लागली. एरवी चारदा विचारल्याशिवाय कमलाबाईंना काही कळत नसे. हे मात्र एकदाच ऐकलं आणि काळजात रुतलं.

"परतीचं तिकीट काढलंय रे मी," त्या म्हणाल्या. "घाबरू नकोस."

"अगं, घाबरायचं काय त्यात? ये, ये," तो घाईघाईने म्हणाला. आवाज एकदम मोकळा झाला होता.

फोन बंद झाला. वैभव त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याने काढलेलं तिकीट फक्त जायचं होतं.

"बघतोस काय?" कमलाबाई त्याच्यावर खेकसल्या. "काढ ना!"