एकाने अडलेला कठडा

नदीवरच्या पुलाला कठडा हवा, म्हणून ती दर वर्षी हट्टाने अहवाल पाठवायची. अपघातांचे आकडे, वाचणाऱ्या जिवांची किंमत, बांधकामाचा खर्च, सगळं पोटतिडकीने मांडायची. पण फायदा खर्चापेक्षा कमीच भरायचा, आणि साहेब पडले नियमावर बोट ठेवून चालणारे.

"बाई, पाच वर्षांत पुलावरून पडून दोनच माणसं गेलीत," ते फाइल परत करत म्हणाले. "तीन असती, तर गणित बसलं असतं."

त्या संध्याकाळी तिने घरी भांडी आदळली. रोज त्याच पुलावरून सायकलने कामाला जाणारा नवरा हसून म्हणाला, "अगं, एकानेच अडलंय ना? मग कशाला जीव जाळतेस? बसेल पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी तिने तोच अहवाल पाठवला, फक्त दोनचा आकडा खोडून तीन लिहिला. साहेबांनी मान वर न करता सही केली.

 

नव्या कठड्यावर हात ठेवून, खाली नदीच्या पाण्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "अहो, बसलं बरं का गणित."