डिस्ट्रिब्युटर

भागवतची जुनी जीप सकाळपासून सुरू होत नव्हती. "डिस्ट्रिब्युटरच गेला असंल. नवाच टाक, कटकट मिटंल," तो परत म्हणाला, तसा तेलगावच्या गॅरेजवाल्या उत्तरेश्वरने हातातला पाना बोनेटवर आपटला.

"डोकं खाऊ नको बे. गाडी चालंना की तुमचं एकच, नवा टाक. आदी तपासावं का न्हाई? तो बिचारा सगळ्या प्लगांना करंट वाटतो. पण त्याच्यापातूर करंटच येईना, तर तो काय करील? दोष दुसऱ्याचा, आन् काढून फेकायचं ह्याला?"

कॉइलकडून येणारी वायर आतून तुटलेली निघाली. ती बदलली आणि जीप एका दमात सुरू झाली. भागवत पैसे देऊन निघून गेला.

डबा घेऊन आलेली उत्तरेश्वरची बायको, अंजना, मघापासून दाराशी उभी होती. "लेकरासाठी माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणले, तुझ्यात कायबी दोष न्हाई, आता मालकाला घेऊन ये. त्याला वरीस झालं."

"परत तेच?" उत्तरेश्वर करवादला. "मी धडधाकट हाय. मला कावून तपासायचं?"

अंजनाने डबा त्याच्यापुढे ठेवला.

"मग जा ऐतवारी तुमच्या आईसंगं नेकनूरला, पोरगी बघायला. नवीच टाका, कटकट मिटंल."