पक्का रंग

पेंटरने ‘दिगंबर’मधला शेवटचा ‘र’ ओढला आणि दिगंबर पिसाळची छाती चांगली दोन इंच फुगली. ट्रकच्या दारावर, पिवळ्याधमक अक्षरांत, स्वतःचं नाव! त्याखाली ‘मालक’ एवढा शब्द यायचा राहिला होता.

“अगं, तिथं लांब काय उभी राहिलीस? इथनं बघ,” तो बायकोला म्हणाला.

प्रतिमा पुढे आली. चंदीगडच्या बत्तीस सेक्टरच्या इस्पितळात ती नर्स होती. आज मुद्दाम रजा टाकून ती ट्रकच्या अड्ड्यावर आली होती. तिच्या पर्समध्ये पंधरा हजार रुपये होते. दिगंबर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला, तेव्हा मिळालेल्यांतले हे उरलेले. घरात होतं नव्हतं ते सगळं एवढंच. तासाभरात ते ट्रकमालक लाला ज्ञानचंदला अनामत म्हणून द्यायचे आणि कागदावर सही करायची. मग दरमहा हप्ता. तीन वर्षांनी ट्रक दिगंबरचा. लागोपाठ दोन हप्ते चुकले, तर मात्र ट्रकही गेला आणि अनामतही. पण हप्ता चुकेलच कसा? वीस वर्षं त्याने फौजेच्या गाड्या चालवल्या, चार वर्षं पगारावर लालाच्या. कुठल्याही गाडीवर साधा ओरखडा नाही.

सहीच्या आधी नाव म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पण ही घाई दिगंबरची नव्हती. लालाची पद्धतच तशी. “पहले नाम, फिर काम,” तो हसत म्हणाला होता. “सारी उमर ड्राइवर ही रहेगा क्या, फौजी?”

ते वाक्य दिगंबरला बरोबर लागलं होतं. चंदीगडच्या मराठी मंडळात गणपतीला कर्नलांच्या, विंग कमांडरांच्या बायका जमत. “तुमचे मिस्टर काय करतात?” असं कुणी विचारलं की प्रतिमा म्हणायची, “ट्रान्सपोर्टमध्ये आहेत.” ड्रायव्हर हा शब्द ती गिळून टाकायची. दिगंबरने दोनदा स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. तिला चारचौघींत मान वर करून सांगता यावं, यासाठीच तर हा सगळा घाट घातला होता.

पेंटर करनैलसिंगने ब्रश बादलीत बुडवला आणि दिगंबरने नाक वर केलं. वास येत नव्हता. फौजेत दर इन्स्पेक्शनला त्याने गाड्यांवर नंबर रंगवले होते. रंगकाम म्हटलं की टर्पेंटाइनचा वास डोक्यात चढलाच पाहिजे. तो वाकला. बादलीत साधं पाणी होतं.

“सरदारजी, ये तो पानी का रंग है. पहली बारिश में धुल जाएगा.”

करनैलसिंगने लालाच्या ऑफिसकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. “लालाजी का हुकम है जी. बाद में मिटाना तो होता ही है. इस दरवाजे पर आपका पाँचवाँ नाम है.”

“पाँचवाँ? गाड़ी खराब है क्या?”

“गड्डी तो बढ़िया है. पर बंद होता है, कर्फ्यू लगता है. गड्डी खड़ी रहती है जी, किस्त खड़ी नहीं रहती.”

दिगंबरने चालत्या गाडीचा सगळा विचार केला होता, उभ्या गाडीचा केलाच नव्हता. पंजाबातले ते अतिरेक्यांच्या धुमाकुळाचे दिवसच असे होते. गेल्याच महिन्यात राजपुऱ्याच्या नाक्यावर त्याची गाडी अकरा दिवस अडकली होती. तरी एक तारखेला त्याला पगार मिळाला. आता पगार नसणार, उलट हप्ता असणार. इतक्या वर्षांच्या ड्रायव्हरला एवढं साधं कळू नये, याची त्याला लाज वाटली.

तेवढ्यात लाला कागद घेऊन बाहेर आला. “आ जा फौजी, साइन कर.”

“लालाजी, एक लाइन और लिख दो,” दिगंबर म्हणाला. “कर्फ्यू के दिनों की किस्त नहीं.”

लाला खो खो हसला. “कर्फ्यू क्या मैंने लगाया है?”

“मैंने भी नहीं लगाया.”

लालाचं हसू मावळलं. “तो फिर सारी उमर ड्राइवर ही रह!”

दिगंबरने बादलीतलं फडकं पिळलं आणि स्वतःच्या हाताने दारावरचं स्वतःचं नाव पुसलं. दोन हातांत सगळं साफ. मग केबिनमधली आपली काळी ट्रंक त्याने खाली उतरवली. मालक व्हायच्या तोऱ्यात सकाळीच ती वर चढवली होती. मागे वळून प्रतिमाकडे बघायचा त्याला धीर होईना. आजची रजा, तिची ती ठेवणीतली साडी, सगळं मातीमोल झालं होतं.

“कल अंबाले का माल कौन ले जाएगा?” लाला ओरडला.

“मैं ही. तनख्वाह पर.”

प्रतिमा ट्रंकेपाशी येऊन खाली बसली. झाकणावर ‘हवालदार डी. जी. पिसाळ’ असं लिहिलं होतं. बारा वर्षांपूर्वी त्यानेच रंगवलेलं, अजून जसंच्या तसं. तिने त्यावरून बोट फिरवलं.

“अहो, हे नाही पुसलं जात?”

“नाही. पक्का रंग आहे तो.”

ती उठली. पर्स तिने काखेत घट्ट धरली होती. “भाईसाहब, पक्का रंग है आपके पास?”

“है जी, क्यों नहीं,” करनैलसिंग म्हणाला. “क्या लिखना है?”

“ट्रंक पर नाम के नीचे जगह है ना?” अड्ड्यातल्या शेवटच्या ट्रकपर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात प्रतिमा म्हणाली, “वहाँ लिखिए, ड्राइवर.”